वरचं रीळ आधी

मी रिळांची पेटी बोलतेय. आधी माझं ऐकून घ्या, मग तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा. १९७९ च्या जानेवारीत मॉरिशसच्या राजधानीतल्या, पोर लुईच्या, एका वर्तमानपत्रवाल्यानं बरोबर याच्या उलट केलं होतं. त्यानं आधी ठरवलं, आणि ऐकायला तर आलाच नाही. त्याचा राग माझ्या पत्र्यात अजून आहे.

दिसायला मी साधीच. चौकोनी, दीड हात लांब, तेवढीच रुंद, वीतभर उंच. जस्ताचा पत्रा, कडा वळवून झाळलेल्या, झाकणाला पितळी कडी. १९७१ साली बंदराजवळच्या एका म्हाताऱ्या पत्रेवाल्यानं मला घडवलं. मला ठोकता ठोकता त्यानं रिळं पोचवणाऱ्या जयरामला विचारलं, "पाव ठेवायला हवी का?"

"नाही, सिनेमा ठेवायला."

"मग भोकं पाडत नाही," म्हातारा म्हणाला. "सिनेमाला श्वास लागत नाही."

माझ्या जन्माच्या वेळी झालेलं बोलणं एवढंच. जयरामनं आत साखर कारखान्यातल्या गोणपाटाचं अस्तर चिकटवलं, मला मोबिलेतच्या मागच्या कॅरिअरला रबरानं बांधलं आणि माझा संसार सुरू झाला. मोबिलेत म्हणजे पायडल मारून सुरू करायची बारकी फटफटी. ती चढावर खोकायची आणि उतारावर गायची.

माझं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. आमच्या मॉरिशसमध्ये हिंदी चित्रपटाची एकच प्रत यायची. सत्यदेव मालकांची चित्रपटगृहं मात्र दोन, एक बो बासेंला आणि दुसरं सें पिएरला. दोन्हीकडे रविवारी दुपारी तोच खेळ. मालकांनी त्यावर तोड काढली होती. बो बासेंचा खेळ साडेबाराला सुरू व्हायचा आणि सें पिएरचा सवा तासानं. बो बासेंला दोन रिळं संपली की तिथला ऑपरेटर ती गुंडाळून जयरामच्या हातात द्यायचा. जयराम ती माझ्यात घालून रोझ हिल, रेद्युई, मोका करत सें पिएरला पळायचा, रिळं टाकून परत फिरायचा, की तोवर पुढची दोन तयार. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. वाटेत एक पंक्चर झालं की सें पिएरची तीनशे माणसं अंधारात बसून शिट्ट्या मारायची.

सें पिएरच्या मशीनवर चंद्रमोहन असायचा. जाडजूड माणूस, त्या भट्टीसारख्या खोलीत बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेणारा. रिळांच्या डब्यांवरचे आकडे कधीच घासून गेले होते आणि डब्यांची झाकणंही आपसांत बदललेली. म्हणून जयराम आणि त्याच्यात एकच नियम होता: पेटीतलं वरचं रीळ आधी लावायचं, खालचं नंतर. सात वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. चंद्रमोहन डब्याकडे न बघता हात घालायचा, जसा आपण ताटातल्या भाकरीला घालतो.

मी स्वतः एकही चित्रपट पाहिलेला नाही. मी सगळे वाहिलेत. खेळ चालू असताना दाराबाहेर उभं राहून ऐकलेत. न पाहता चित्रपटावर बोलणारी पेटी म्हणून तुम्ही मला हसाल. थोडं थांबा, हसायला पुढे अजून जागा आहे.

आणखी एक सांगते. आमच्याकडे चित्रपटाचं साल बंदरापासून मोजतात. मुंबईत तो कधी निघाला याच्याशी आम्हाला काय करायचंय? तिथून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोन-तीन वर्षं फिरायचा, अंगावर ओरखडे घ्यायचा आणि मग बोटीनं आमच्याकडे उतरायचा. उतरला ते त्याचं साल. 'आंगन की चाबी' असाच फिरून फिरून १९७८ च्या नोव्हेंबरात आला. शेवटची 'समाप्त'ची पाटी वाटेत कुठल्यातरी बंदरात तुटून राहिली होती.

गोष्ट सोपी होती. एक विधवा आई, एक मुलगा. मुलगा परदेशी जातो, आई घराची चावी कमरेला बांधून वर्षानुवर्षं वाट बघते. एकूण बारा रिळं. अकराव्या रिळात मुलगा हातात ट्रंक घेऊन दारात येतो. आई चुलीपाशी कणीक मळत असते. ती त्याला भरवते, खूप हसते आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकून शांत डोळे मिटते. बाराव्यात ती अंथरुणाला खिळलेली दिसते आणि मरते. मुलगा गणपतीपुढे आरती करतो, चावी देवापुढच्या तांदळात खोचतो, ट्रंक उचलतो आणि घराबाहेर पडतो. संपलं. बो बासेंच्या बायका रुमाल पिळत बाहेर आल्या.

त्या दिवशी जयराम शेवटच्या खेपेसाठी बो बासेंला थांबला होता आणि ऑपरेटरच्या खोलीतल्या भोकातून पडद्याकडे बघत होता. त्यामुळे आरती त्यानं पाहिली. पडदाभर गणपती, सोंडेवर जास्वंद. जयरामनं चप्पल काढून तिथेच हात जोडले.

जयरामच्या खापरपणजोबांनी कोकणातून उसाच्या मळ्यात येताना काय काय आणलं होतं मला माहीत नाही, पण गणपती आणला होता हे नक्की. त्यांच्या घरी दर वर्षी मूर्ती बसते, नदीवर जाते. गणपतीचं चित्र छापलेलं कॅलेंडर जुनं झालं तरी त्या घरात कुणी त्यावर कांदे निवडत नाही. आता बघा काय झालं. ऑपरेटरनं अकरावं आणि बारावं रीळ जयरामच्या हातात दिलं. नियमानं बारावं खाली, अकरावं वर. जयरामनं बारावं माझ्या तळाशी ठेवलं, अकरावं उचललं आणि हात हवेतच थांबला.

"गणपतीच्या डोक्यावर बोबीन?" तो स्वतःशीच पुटपुटला. रिळाला तिकडे बोबीन म्हणतात.

त्यानं बारावं बाहेर काढलं, अकरावं खाली ठेवलं आणि गणपतीचं रीळ वर. चंद्रमोहनला पोचल्यावर सांगू, असा विचार केला असणार. चूक कुणी केली असं विचाराल तर मी म्हणेन, कुणीच नाही. चांगल्या घरातला मुलगा दुसरं काय करणार?

मोका गावाच्या पुढे उसाच्या लॉरीतून अर्धा ऊस रस्त्यावर सांडला होता. तो बाजूला होईपर्यंत दहा मिनिटं गेली. सें पिएरला पोचलो तेव्हा आत शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ. चंद्रमोहन जिन्यातच उभा होता. त्यानं मला कॅरिअरवरून ओढून घेतलं आणि वर पळाला.

"चंद्रमोहन भैया, आयक जरा..."

"नंतर, नंतर! लोक खुर्च्या मोडतील!"

वरचं रीळ मशीनवर चढलं. जयराम जिन्याखाली कपाळावर हात मारत राहिला.

म्हणजे सें पिएरला काय झालं ते ध्यानात आलं ना? आई आधी मेली. मुलानं आरती केली, ट्रंक उचलली आणि दाराबाहेर पडला. दिवा लागला. बायका डोळे पुसत उठायला लागल्या, तेवढ्यात चंद्रमोहननं भिंतीतल्या खिडकीतून ओरडून सांगितलं, "बसा, बसा! अजून एक बोबीन हाय!" सगळे बसले. आणि अकरावं रीळ सुरू झालं. हातात ट्रंक घेतलेला मुलगा दारात उभा, आणि समोर चुलीपाशी कणीक मळणारी आई!

सांधा कुठे दिसलाच नाही. ट्रंक तीच, दार तेच. तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतला तो मला जिन्यावर ऐकू आला. गणपतीनं आरती ऐकली होती, आई परत दिली होती. आईनं घास भरवला तशा टाळ्या पडल्या. शेवटी ती चौकटीला डोकं टेकून शांत झोपली, दिवे लागले आणि माणसं लग्नाहून निघाल्यासारखी हसत बाहेर आली.

त्यांत दुसऱ्या रांगेतून बाहेर पडलेली भगवती मावशी होती. जयरामच्या आईची थोरली बहीण, वय अठ्ठावन्न. मराठी मंडळात बायकांच्या भजनात पहिला सूर तिचा. गावात तिचा शब्द साक्षीसारखा चालायचा. दोन घरांत कुंपणावरून भांडण लागलं तर पोलिसाआधी मावशीकडे यायचे, कारण ती पाहिलं नाही ते बोलायची नाही आणि पाहिलं ते लपवायची नाही.

"जयराम!" तिनं भाच्याचा दंड धरला. "येवढे सिनेमे पायले मी. आई मारतात नि पोराला रडवतात, झालं. ह्यानं आईला परत आणलं रं! कोन हाय हा मानूस, सिनेमा करनारा? त्याच्या हाताला सोनं लागो."

जयराम हसला, पण त्याचं हसणं माझ्या झाकणासारखं होतं, एका बाजूनं नीट न बसणारं. नंतर तो आणि चंद्रमोहन जिन्यात कुजबुजले. सत्यदेव मालकांनी नोकरी देताना बजावलं होतं, एक रीळ पुढेमागे झालं तर मोबिलेत इथे ठेवायची आणि चालत घरी जायचं.

"कुनाला काय कळलं न्हाय," जयराम म्हणाला.

"आणि कळलं तरी कुणाचं बिघडलं?" चंद्रमोहन म्हणाला. "सगळे खूश हायत."

तेवढ्यावर ते मिटलंही असतं. पण डिसेंबरात पोर लुईच्या त्या साप्ताहिकानं कूपन छापलं: '१९७८ सालातला माझा चित्रपट'. एका चित्रपटाचं नाव लिहायचं, का आवडला ते दहा ओळींत सांगायचं. सगळ्यांत जास्त मतं मिळालेला चित्रपट वर्षाचा चित्रपट. मला कुणी कूपन दिलं नाही, ते सोडा.

संध्याकाळच्या मराठी वर्गाच्या बाई इंद्राणी यांच्याकडे मावशी गेली. मावशीनं सांगितलं, इंद्राणीबाईंनी फ्रेंचमध्ये उतरवलं. 'मला तो आवडला कारण देवानं त्या पोराची आई परत दिली, आणि ती परत आल्यावर आधी जेवायला वाढते, काही विचारत नाही.' मावशीचं बघून गावातून आणखी सदतीस कूपनं गेली. अडतीस माणसं, आणि सगळ्यांनी लिहिलं: मेलेली आई परत येते.

जानेवारीच्या पहिल्या अंकात निकाल आला. चित्रपटांवर सदर लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्यावर टिपण लिहिलं होतं. इंद्राणीबाईंनी ते मावशीच्या अंगणात वाचून दाखवलं. मी तिथेच मोबिलेतवर होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला. 'सें पिएरहून अडतीस पत्रं आली आहेत. अडतिसांतही आई मेल्यावर जिवंत होते. एक तर हे सगळं गाव एकाच माणसाच्या सांगण्यावरून मत देतं, किंवा सगळं गाव चित्रपटगृहात झोपतं. मादाम भगवती नावाच्या बाईंनी तर झोपेत पडलेलं स्वप्न आम्हाला दहा ओळींत कळवलं आहे. आम्ही ही अडतीस मतं बाद करत आहोत.'

छापलं हो! नावासकट छापलं! एका माणसाला सें पिएरच्या बसमध्ये बसवून विचारायला पाठवलं असतं तर अर्ध्या तासात खरं काय ते कळलं असतं. पण खुर्चीतून उठायला लागलं असतं ना.

आता माणसांची गंमत बघा. अडतिसांपैकी दहा जण आठवड्याभरात म्हणू लागले की त्या दिवशी आपलं डोकं जरा दुखत होतं. आणखी आठ जण म्हणाले, भगवतीनं सांगितलं म्हणून आम्ही लिहिलं. ज्यांनी टाळ्या पिटल्या त्यांचेच हात आता खिशात गेले. छापलेल्या अक्षराला माणूस इतका घाबरतो की स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडतो. दुकानात कुणीतरी विचारलं, "काय भगवती, झोप झाली का?" आणि रांग हसली.

मावशी शनिवारी भजनाला गेली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. लॉंग माउंटनहून दोन घरची माणसं कुंपणाचं भांडण घेऊन आली, तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "मी काय बघते नि काय न्हाय, मलाच ठावं न्हाय," म्हणाली.

रविवारी सें पिएरला शेवटची रिळं टाकून जयराम तिच्याकडे जेवायला बसला होता. ती वाढता वाढता थांबली.

"जयराम, तू खरं सांगशील. झोपले होते काय रं मी?"

मी ओसरीवर होते. जयरामचा घास तोंडाशी होता, तो ताटात परत गेला. या बाईला आयुष्यात कुणाला स्वतःबद्दल असं विचारताना मी ऐकलं नव्हतं. जयरामनंही नसणार.

"न्हाय मावशे. तू जागी होतीस. मी चुकलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. वरचं रीळ, खालचं रीळ, जास्वंद, उसाची लॉरी. मावशी ऐकत राहिली. मला वाटलं, आता पळी भिरकावते. तिनं पळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"म्हंजी आई मरते?"

"मरते."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मालकाकडं चल."

सत्यदेव मालक चित्रपटगृहाच्या दारात पुढच्या खेळाचं पोस्टर लावून घेत होते. दुपारचा खेळ सुटला होता, माणसं बाहेर रेंगाळत होती. जयरामनं सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांचा चेहरा पोस्टरवरच्या खलनायकासारखा झाला.

"मोबिलेतची किल्ली ठेव इथं. नियम काय होता? वरची बोबीन आधी. अकरा वर, बारा खाली. पोराला बारापर्यंत मोजता येत नाही?"

"मोजता येतं," मावशी मधे पडली. "पन गणपतीच्या डोक्यावर त्यानं काय ठेवायचं होतं, मालक? तुमच्या घरी ठेवतात का? सांगा की. सगळे ऐकतायत."

माणसं हसली. मालकही देव मानणारे. चंद्रमोहन बनियनवरच जिना उतरून आला आणि म्हणाला, "माझीही चूक. सात वर्षं मी डब्याकडे बघितलेलं नाही." त्यावर आणखी हशा.

"किल्ली राहू दे माझ्याकडे," मालक जरा नरमले. "तुमचं ते पेपरवाल्याशी मिटू दे, मग बघू."

"मिटवते," मावशी म्हणाली.

सोमवारी आम्ही बसनं पोर लुईला गेलो. आम्ही म्हणजे मावशी, इंद्राणीबाई, जयराम आणि मी. मला पहिल्यांदाच बसमध्ये जागा मिळाली, जयरामच्या मांडीवर. आत दोन रिकामे डबे होते, एकावर खडूनं गणपती काढलेला. वर्तमानपत्राच्या कचेरीत खाली छापखान्याची धडधड, वर लांब टेबलं, आणि एका टेबलामागे ते सदरवाले गृहस्थ. गोरटेले, टाय लावलेले, बोलायला गोड. बोलणं इथल्या क्रेओल बोलीत झालं, मी मराठीत सांगते.

मावशीनं मला उचलून त्यांच्या कागदांवर ठेवलं. धप्प. आयुष्यातला माझा सगळ्यांत आवडता आवाज.

"मी भगवती. झोपलेली."

गृहस्थ उभे राहिले. जयरामनं झाकण उघडून डबे दाखवले आणि काय झालं ते समजावलं. गृहस्थांना खूप हसू आलं. वाईट हसू नव्हतं, पण मोठ्या माणसाचं होतं.

"मादाम, मजेशीर आहे हे. पण तरी चित्रपटात आई मरते, ही गोष्ट खरी. हे बघा, कंपनीचं छापील पत्रक."

"पत्रक राहू द्या. तुम्ही चित्रपट पाहिलात?"

"अर्थात पाहिला. बो बासेंला."

"मग सांगा, पोरगा शेवटी चावी कुठं ठेवतो?"

गृहस्थांनी पत्रकाकडे पाहिलं. पत्रकात चावी नव्हती.

"दाराच्या... वरच्या फळीवर?"

मावशीनं नकारार्थी मान हलवली. शेजारच्या टेबलावरची टाइप करणारी मुलगी थांबली.

"खिशात घालतो. आईची आठवण म्हणून."

"नाही."

"मादाम, मी वर्षाला दीडशे चित्रपट..."

"नाव काय चित्रपटाचं?"

"आंगन की चाबी," गृहस्थ म्हणाले आणि नाव तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांचे कान लाल झाले. नावातच चावी, आणि चावीचं काय झालं ते यांना ठाऊक नाही!

"तांदळात," मावशी म्हणाली. "देवापुढच्या तांदळात खोचतो. आमच्याकडं उलटं लागलं तरी ते आम्ही पाहिलं. तुम्ही किती पाहिलंत?"

टाइप करणारी मुलगी आता उघडच वळून बसली होती. गृहस्थांनी टाय सैल केला. माणूस अगदीच वाईट नव्हता, कारण त्यानं खरं सांगितलं. "शेवटची दोन रिळं राहिली. मला एका लग्नाला जायचं होतं."

"मी शेवट आधी पाहिला, पण पाहिला," मावशी म्हणाली. "तुम्ही पाहिलाच नाही. मग झोपलं कोण?"

मुलीनं तोंडावर हात दाबला. जयरामनं माझ्या कडीशी चाळा सुरू केला. गृहस्थ हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "ठीक, मादाम. तुमची मतं परत धरू. पण आता तुम्हाला खरा शेवट कळला. मत बदलायचंय?"

हा प्रश्न बरा होता, हे मलाही मान्य करावं लागेल. मावशीनं माझ्यातला गणपतीचा डबा सरळ केला.

"नाही," ती म्हणाली. "मी जो पाहिला त्याला मत दिलं. तो पण झालेलाच आहे की. तीनशे माणसांदेखत झालाय. मतं धरा नाहीतर नका धरू. फक्त छापा, सें पिएरची माणसं जागी होती."

पुढच्या अंकात छापलं. निंदा पहिल्या पानावर होती, खुलासा सहाव्यावर, बसच्या वेळापत्रकाखाली, चार ओळी. पण शब्द तेच होते: 'सें पिएरचे प्रेक्षक जागे होते. रिळांचा क्रम बदलला होता. मादाम भगवती यांनी जे पाहिलं तेच लिहिलं.' अडतीस मतं परत धरल्यावरही 'आंगन की चाबी' दुसरा आला, चार मतांनी. चार! मला एक कूपन मिळालं असतं तर तीन मतांनी आला असता.

त्या शनिवारी मावशी भजनाला गेली. दुकानात कुणी काही विचारलं नाही. ज्यांची डोकी दुखत होती त्यांची उतरली, आणि 'मी तर पहिल्यापासून म्हणत होतो' असं म्हणणारे अडतीसचे पन्नास झाले.

मालकांचं काय? मालकांना राग आणि धंदा दोन्ही कळायचे. चित्रपटाची प्रत अजून बेटावर होती. त्यांनी पोस्टरवर पट्टी चिकटवली: 'सें पिएरच्या क्रमाने'. बो बासेंहून माणसं बस करून आली. फ्लाकहून आली. सदरवाले गृहस्थ पण आले, मागच्या रांगेत बसले आणि शेवटपर्यंत थांबले. मालकांनी जयरामच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "गणपती वर ठेव. या वेळी मी सांगतोय म्हणून."

मावशी पुन्हा दुसऱ्या रांगेत होती. पण दुसरा क्रम, खरा म्हणतात तो, पाहायला ती कधी गेली नाही. "कळलाय मला," म्हणायची. आणि विषय बदलायची.

त्यानंतर माझे दिवस भराभर गेले. घरोघरी टीव्ही आला, मग व्हिडिओ आला. तीनशे माणसांच्या जागी आता एका खोलीत बारा माणसं बसतात आणि मधेच उठून चहा करतात. सें पिएरच्या चित्रपटगृहात १९८४ साली स्वेटर विणायच्या मशीन बसल्या. चंद्रमोहन तिथेच पहारेकरी झाला, आणि अजूनही जिन्यातून वर बघतो. जयराम कारखान्यातल्या बायकांना आणणारी व्हॅन चालवतो. मोबिलेत भंगारात गेली. मी नाही गेले. जयरामनं मला पुसून मावशीच्या बैठकीत ठेवलं, आणि काय केलं असेल? माझ्याच डोक्यावर व्हिडिओचं यंत्र बसवलं! ज्यानं माझी नोकरी घालवली ते यंत्र! मी विरोध नोंदवला. म्हणजे थोडी कुरकुरले. त्यानं माझ्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठा सरकवला.

गेल्या महिन्यात, १९८६ च्या ऑगस्टात, जयराम एक कॅसेट घेऊन आला. वर नाव वाचून इंद्राणीबाई म्हणाल्या, "मावशी, बघायचा का? हा बरोबर क्रमाचा आहे."

मावशी आता सासष्टची. तिनं चष्मा पुसला, परत पुसला. "लाव," म्हणाली. "येवढी वर्षं घाबरले, पुरे झालं."

रविवारची दुपार होती. यंत्र माझ्या डोक्यावर गुणगुणत होतं. मुलगा आला, आईनं भरवलं, ती हसली, चौकटीला टेकली. मग अंथरुण. मग आरती, तांदूळ, चावी. ट्रंक घेऊन मुलगा गेला. पडदा काळा झाला. जयराम मावशीकडे न बघता गालिच्याकडे बघत होता.

मावशीनं पदरानं डोळे टिपले.

"चांगला केलाय," ती म्हणाली. "तोबी चांगला केलाय. असंच होतं मानसाचं." मग तिनं चष्मा नीट बसवला. "आता मागं घे."

"मावशे?"

"मागं जातं ना ह्ये यंत्र? घे मागं."

जयरामनं बटण दाबलं. माझ्या डोक्यावर जोरात घरघर सुरू झाली. मुलगा उलट्या पावलांनी घरात आला, चावी तांदळातून निघून त्याच्या हातात गेली, आई अंथरुणातून उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

"हां. इथंच. आता जाऊ दे फुडं."

आईनं कणीक मळली, भरवलं, हसली, चौकटीला टेकली.

"बंद कर," मावशी म्हणाली. "हा माझा." आणि ती चहा टाकायला उठली.

खरं सांगते, त्या दिवसापासून या यंत्राशी माझं जरा बरं चाललंय.

तर वाचकहो, माझी विनंती फार मोठी नाही. तुम्हीही एखाद्या सालातला आपला चित्रपट निवडा आणि मोकळ्या आवाजात सांगा. कुणी म्हणालं की तुम्ही तो चुकीचा पाहिलात, तर त्याला विचारा, तू शेवटपर्यंत बसला होतास का? आणि तो तरीही छापायलाच निघाला, तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा. सें पिएर, भगवती मावशीचं घर. मी घरीच असते. डोक्यावर यंत्र असल्यामुळे मला कुठे जाता येत नाही.